कोपऱ्यातला हत्ती : ट्रॅक्सलरचा बचाव पटावर मांडून

बुद्धिबळात काळी मोहरी घेऊन बसणारा नेहमी एक चाल मागे असतो. म्हणून काळ्याचे बहुतेक बचाव आधी घर सांभाळतात आणि मग संधी शोधतात. ट्रॅक्सलर या जुन्या चेक खेळाडूच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बचावाची रीत वेगळी आहे. पांढऱ्यानं काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर दोन मोहरी रोखली, तरी काळा ते प्यादं वाचवायला जात नाही. तो आपला उंट बाहेर काढतो आणि पांढऱ्या राजाशेजारच्या तशाच प्याद्यावर रोखतो. पांढऱ्यानं मारलं तर तोही मारणार. तिथून पुढे कोण आधी पोचतं, एवढाच प्रश्न उरतो.

आमच्या मालवणात हा बचाव पावसाळ्यात जास्त खेळला जातो, आणि त्याचं कारण साधं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. एरवी ज्यांना संध्याकाळी पटावर बसायला सवड नसते, अशी माणसं तेव्हा क्लबात येतात. त्यांच्यातलेच एक तांडेल काका. शाळेत असताना खेळायला शिकले आणि खेळ कधी सुटला नाही. त्यांचा बारावीतल्या एका मुलाशी आठ चालींत संपलेला डाव मी पुढे सांगणार आहे, कारण हा बचाव नेमका कुठे चावतो ते त्या डावात अगदी स्वच्छ दिसतं. शक्य असेल तर पट समोर घ्या. उभ्या रांगांना डावीकडून ए ते एच आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८ असं म्हणतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पहिल्या तीन चाली कोणत्याही शाळकरी स्पर्धेत दिसतील अशा. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं ई४ला आणलं, काळ्यानं ई५ला. पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचा घोडा सी६. पांढऱ्याचा उंट सी४, काळ्याचा दुसरा घोडा एफ६. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आले म्हणून याला ‘दोन घोड्यांचा बचाव’ म्हणतात. इथे पांढऱ्यानं डी३ असं शांत प्यादं पुढे केलं तर डाव संथ वाटेनं जातो, आणि आजचे मोठे खेळाडू बहुतेक वेळा तेच करतात. पण मुलानं चौथी चाल केली घोडा जी५.

आता एफ७ हे घर बघा. सुरुवातीच्या मांडणीत काळ्याच्या प्रत्येक प्याद्याला मागून आधार असतो, कुठे हत्तीचा, कुठे उंटाचा, कुठे वजिराचा. एफ७च्या प्याद्याला मात्र एकट्या राजाचा आधार असतो. त्याच प्याद्यावर आता पांढऱ्याचा सी४वरचा उंट आणि जी५वरचा घोडा दोघे रोखलेत. घोड्यानं ते प्यादं मारलं की एफ७वरून तो एकाच वेळी डी८चा वजीर आणि एच८चा हत्ती दोघांवर चालून जाईल. किल्लेकोट करून, म्हणजे एकाच चालीत राजा दोन घरं सरकवून आणि हत्ती त्याच्या पलीकडे आणून, राजा हलवावा तर काळ्याचा उंट अजून एफ८लाच आहे, वाट बंद.

पुस्तकातलं उत्तर आहे प्यादं डी५. त्यानं सी४च्या उंटाची तिरकी रेघ बंद होते. पांढरा ते प्यादं मारतो. काळ्यानं लगेच घोड्यानं परत मारलं, तर पांढरा एफ७ला घोडा बळी देऊन काळ्या राजाला पटाच्या मध्यात ओढतो. त्याला ‘फ्राइड लिव्हर’ हल्ला म्हणतात आणि नवशिक्यांचे असंख्य डाव त्यात गेलेत. म्हणून जाणकार काळा सी६चा घोडा ए५ला नेऊन आधी उंटाला हुसकावतो आणि एक प्यादं कमी घेऊन खेळतो. या वाटेवर फार मोठी माणसं चालली आहेत. तेव्हाचा जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ आणि रशियाचा मिखाईल चिगोरिन यांच्यात १८९०-९१मध्ये तारेवरून दोन डावांचा सामना झाला. त्यातला एक डाव याच वाटेचा होता आणि दोन्ही डाव चिगोरिननं जिंकले. स्टाइनिट्झची त्यातली पद्धत पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरनं १९६३मध्ये पुन्हा खेळून दाखवली. जर्मन उस्ताद सीगबर्ट टाराशनं मात्र चौथ्या चालीच्या घोडा जी५ला कच्च्या खेळाडूची चाल म्हणून हिणवलं होतं. त्याचं म्हणणं असं की, बाकीची मोहरी घरात झोपलेली असताना एकच मोहरं दुसऱ्यांदा हलवून हल्ला करू नये. टाराशचा शब्द मला फार कडक वाटतो, कारण या चालीला सरळ उत्तर द्यायला काळ्याला एक प्यादं मोजावं लागतं. पण त्यानं बोट ठेवलेली जागा बरोबर आहे. ट्रॅक्सलरचा सगळा बचाव तिथूनच उगवतो.

काकांनी डी५ खेळलंच नाही. त्यांनी एफ८चा उंट सी५ला आणला.

पटावर आता काय झालं ते सावकाश बघूया. एफ७ काळ्याचं जेवढं दुबळं, तेवढंच एफ२ पांढऱ्याचं. तिथेही आधार फक्त राजाचा. सी५च्या उंटाची रेघ थेट एफ२वर जाते. एफ६चा काळा घोडा ई४चं प्यादं मारायला टपलेला आहे. आणि तिसरी गोष्ट नवख्या डोळ्याला दिसत नाही. डी८च्या वजिराला एच४ला जायची एक तिरकी वाट आहे, ई७, एफ६, जी५ अशी. त्या वाटेवर आत्ता दोन घोडे उभे आहेत, एफ६ला काळा आणि जी५ला पांढरा. पांढऱ्यानं एफ७ मारलं की त्याचा घोडा वाटेतून दूर होतो. काळ्यानं ई४ मारलं की त्याचाही होतो. म्हणजे पांढरा स्वतःच्याच चालीनं काळ्या वजिराला दार उघडून देणार आहे.

मुलानं पाचव्या चालीला घोड्यानं एफ७ मारलं. वजीर आणि हत्ती दोन्ही त्याच्या तोंडात.

काकांनी दोघांपैकी एकालाही हलवलं नाही. उंटानं एफ२चं प्यादं मारून शह दिला. मुलानं राजानं उंट मारला. काकांच्या घोड्यानं ई४चं प्यादं मारलं, पुन्हा शह. राजा जी१ला गेला. सुरक्षित कोपरा वाटतो, पण एच१ला स्वतःचा हत्ती, जी२ आणि एच२ला स्वतःची प्यादी. सातव्या चालीला काळ्याचा वजीर मोकळ्या झालेल्या वाटेनं एच४ला आला.

इथे मुलानं अर्धं मिनिट विचार केला आणि आठव्या चालीला घोड्यानं एच८चा हत्ती मारला. काकांनी वजीर एफ२ला ठेवला. मात.

एफ२च्या वजिराला ई४चा घोडा राखतो, त्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही. एफ१ वजिराच्या माऱ्यात. बाकीची घरं आपल्याच मोहऱ्यांनी भरलेली. मुलगा पटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘हत्ती फुकट गावता हा, तर घेवक नको?’’ काका म्हणाले, ‘‘माझो वजीर खंय ईलो तो बघलंस काय, झिला?’’

काकांचा तो प्रश्न म्हणजे या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू. बुद्धिबळ शिकवताना आपण मोहऱ्यांना किंमत लावतो : प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. या हिशेबानं मुलाचा डाव मोजा. त्यानं एक प्यादं, एक उंट आणि एक हत्ती मिळवला, एकूण ९ गुण. काळ्यानं मिळवली दोन प्यादी, म्हणजे २ गुण. सात गुणांची आघाडी घेऊन पांढरा हरला. आता दुसरा हिशेब करा, चालींचा. पांढऱ्याच्या आठ चालींपैकी चार एकट्या घोड्याच्या, एफ३, जी५, एफ७, एच८. तो घोडा शेवटी पटाच्या कोपऱ्यात जाऊन बसला, तिथून कोणालाच मदत करू शकत नाही. दोन चाली राजाच्या, त्याही नाइलाजाच्या. उरल्या दोन, एक प्याद्याची आणि एक उंटाची. वजीर, दोन्ही हत्ती, दुसरा उंट आणि दुसरा घोडा यांनी घर सोडलंच नाही. काळ्याकडे बघा. शेवटच्या चार चालींतल्या दोन शहाच्या, तिसरी मातेची धमकी, चौथी मात. पांढऱ्याला श्वास घ्यायला एकही चाल मोकळी मिळाली नाही.

चालीला किंमत असते, पण ती मोहऱ्यासारखी हातात धरता येत नाही, म्हणून शिकणाऱ्याला दिसत नाही. मारलेला हत्ती पटाच्या बाजूला ठेवता येतो, वाया गेलेली चाल कुठेच ठेवता येत नाही. ट्रॅक्सलरच्या बचावाचं मोल मला इथे वाटतं. हा अदृश्य हिशेब तो आठ चालींत डोळ्यांसमोर उभा करतो. काही जण या बचावाला जुगार म्हणतात. ते मला मान्य नाही. जुगारात पुढचं पान कोणालाच माहीत नसतं. इथे सगळी मोहरी दोघांच्याही समोर उघडी असतात. काळ्यानं उंट दिला तो शहाच्या बळावर, आणि शहाला उत्तर द्यावंच लागतं. समोरच्याची चाल जेव्हा सक्तीची असते, तेव्हा पुढच्या चार चाली मोजणं क्लबातल्या खेळाडूलाही जमतं.

क्लबात मुलांना मी एकच सवय लावायचा प्रयत्न करतो. मोहरं मारायला हात पुढे जाण्याआधी, समोरच्याकडे कोणते शह आहेत आणि मातेची धमकी कुठे आहे ते शोधायचं. आठव्या चालीला मुलानं तेवढं केलं असतं तर एफ२वरची मात त्याला दिसली असती, आणि त्यानं जी३ला प्यादं सरकवलं असतं. त्यानं वजिरावर हल्ला होतो. काळा ते प्यादं घोड्यानं मारतो, पांढरा एच२च्या प्याद्यानं घोडा मारतो, वजीर जी३ला परत मारून शह देतो, राजा एफ१ला जातो आणि काळा हत्ती एफ८ला आणतो. आता एफ७चा घोडा राजा आणि हत्ती यांच्यामध्ये एकाच रेघेत अडकतो, त्याला हलताच येत नाही. या टोकाच्या स्थितीचा अभ्यास पुष्कळ झाला आहे आणि दोघेही नीट खेळले तर ती बरोबरीच्या आसपास धरली जाते. पण घड्याळाची टिकटिक चालू असताना हे पटावर शोधून काढणं पांढऱ्याला फार जड जातं.

सहाव्या चालीला उंट न मारता राजा एफ१ला नेला तर? बऱ्याच जणांना ती शहाणपणाची चाल वाटते. पण काळा वजीर ई७ला आणतो, पांढरा एच८चा हत्ती मारतो, काळा डी५ला प्यादं घुसवतो. पांढऱ्यानं ते मारलं की सी६चा घोडा डी४ला उडी मारतो. एफ२चा काळा उंट अजूनही पांढऱ्याच्या पोटात बसलेला, एच१चा हत्ती कोंडलेला, आणि दुसरा काळा उंट जी४ला येऊन वजिरावर रोखायला मोकळा. या स्थितीत काळा पूर्ण हत्तीनं मागे असला तरी मला काळ्याकडून खेळायला आवडेल.

हे सगळं वाचून ट्रॅक्सलर अजिंक्य वाटायला नको. पाचव्या चालीला पांढऱ्याकडे खरं उत्तर आहे, आणि ते घोड्याचं नसून उंटाचं आहे. सी४च्या उंटानं एफ७चं प्यादं मारून शह द्यायचा. काळ्याला राजा हलवावाच लागतो, बहुतेक तो ई७ला जातो. किल्लेकोटाचा हक्क गेला, प्यादं गेलं. मग पांढरा उंट निवांत बी३ला किंवा डी५ला मागे घेतो. फरक काय पडला ते बघा. घोड्यानं मारलं तेव्हा शह नव्हता, त्यामुळे काळ्याला एफ२वर उडी मारायला एक चाल मिळाली होती. उंटानं मारलं तर शह पांढऱ्याचा, म्हणजे ती चाल काळ्याला राजासाठी खर्चावी लागते. त्यानंतर पांढरा किल्लेकोट करतो, हत्ती एफ१ला येतो, आणि एफ२ला राजाशिवाय दुसरा आधार मिळतो. काळ्याकडेही काही गोष्टी राहतात. एच८चा हत्ती एफ८ला येतो, एफची रांग अर्धी मोकळी असते, वजीर ई८वरून जी६कडे जाऊ शकतो, उंट जी४ला येतो. पण संगणकाला विचारलं तर तो पांढऱ्याच्या बाजूनं स्पष्ट कौल देतो, आणि मोठ्या स्पर्धांत हा बचाव क्वचित का दिसतो याचं हेच कारण आहे. पाचव्या चालीला डी४ अशी तिसरी वाटही आहे. तिथे काळ्यानं घाईनं उंटानं प्यादं न मारता डी५ खेळावं, म्हणजे गुंता बराच सुटतो.

मग क्लबातल्या माणसानं हे शिकावं का? मी ‘हो’ म्हणतो, पण एका अटीवर. आधी उंटानं एफ७ मारण्याचं उत्तर शिका, मग घोड्याचं. कारण सापळा लावणाऱ्यालाच सापळा चुकल्यावर काय करायचं ते माहीत नसेल, तर दहाव्या चालीपासून तो प्याद्यानं मागे आणि राजा उघडा अशा स्थितीत एकटा पडतो. तासभराच्या डावात समोरचा विचार करून उंटाची चाल शोधू शकतो. दहा मिनिटांच्या डावात बहुतेक हात आधी घोड्याकडे जातात, कारण दुहेरी हल्ला दिसला की तो खेळावासा वाटतो. वाटेल त्या स्पर्धेत वाटेल त्या माणसाविरुद्ध हा बचाव काढण्यात अर्थ नाही. समोरचा कसा खेळतो हे ज्याला ठाऊक असतं, त्याच्या हातात तो शोभतो.

तसा हा बचाव क्लबांतल्याच माणसांचा आहे. अमेरिकेत त्याला ‘विल्क्स-बॅरी’ म्हणतात. ते पेनसिल्व्हेनियातल्या एका शहराचं नाव आहे. तिथल्या खेळाडूंनी या चालींचा इतका कसून अभ्यास केला की शहराचं नाव बुद्धिबळाच्या पुस्तकांत गेलं. आणि ज्याचं नाव जगभर लागलं तो कारेल ट्रॅक्सलर (१८६६–१९३६) हा बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला एक पाद्री. बुद्धिबळाच्या समस्या रचण्यात त्याचा हातखंडा होता. १८९०मध्ये राइनिश नावाच्या खेळाडूविरुद्ध त्यानं काळी मोहरी घेऊन जो डाव खेळला, तो पटावर एकदा तरी मांडून बघावाच.

पहिल्या पाच चाली आपल्या ओळखीच्याच आहेत, घोडा एफ७ मारण्यापर्यंत. काळ्याच्या उंटानं एफ२ला शह दिल्यावर राइनिशनं राजा ई२ला नेला. घोडा डी४ला, शह. राजा डी३. ट्रॅक्सलरनं बी५ला प्यादं ढकलून उंटावर हल्ला केला, उंट बी३ला गेला. काळ्याच्या दुसऱ्या घोड्यानं ई४चं प्यादं मारलं. नवव्या चालीला राइनिशनं घोड्यानं चक्क वजीर मारला. तो घेण्याचा मोह कोणाला झाला नसता? पण तिथून पुढे काळ्याची प्रत्येक चाल शहाची आहे. घोडा सी५, राजा सी३. घोडा ई२ला बळी, पांढऱ्या वजिरानं तो मारला. एफ२चा उंट डी४ला, राजा बी४. प्यादं ए५, राजानं बी५चं प्यादं मारलं. दुसरा उंट ए६ला, राजानं ए५चं प्यादं मारलं. उंट ए६वरून बाजूला होऊन डी३ला, आणि ए८च्या हत्तीचा शह उघडला. राजा बी४. घोडा ए६, राजा ए४. घोडा बी४ला, मागून पुन्हा हत्तीचा शह. राजानं तो घोडाही मारला. सतराव्या चालीला सी७चं प्यादं दोन घरं पुढे सी५ला आलं आणि मात झाली.

त्या प्याद्याला डी४चा उंट राखतो. डी३चा उंट सी४ आणि बी५ धरून आहे, ए८चा हत्ती ए३, ए४ आणि ए५ या तिन्ही घरांवर आहे, सी३ डी४च्या उंटाच्या माऱ्यात, आणि बी३ला पांढऱ्याचा स्वतःचाच उंट उभा. सतरा चालींपैकी नऊ पांढऱ्या राजानं केल्या होत्या. आता मेलेली मोहरी मोजा. काळ्यानं वजीर, दोन्ही घोडे आणि तीन प्यादी गमावली होती. पांढऱ्याचा वजीर, दोन्ही हत्ती, दोन्ही उंट, दोन्ही घोडे पटावर शाबूत होते. अख्ख्या डावात ट्रॅक्सलरनं पांढऱ्याची फक्त दोन प्यादी मारली, एफ२चं आणि ई४चं.